पाण्याचा हिशोब आधी, तिकिटे नंतर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाढलेल्या माणसाला जंगलाचे काय अप्रूप, असे मला पुष्कळदा विचारले जाते. वाळपईजवळच्या आमच्या गावात गवे रेडे कुळागरात उतरतात, रात्री बिबट्याने कुत्रा नेल्याची बातमी सकाळी चहाबरोबर येते आणि चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी लागणारी रानफळे आणायला घरची माणसे अजूनही डोंगरावर जातात. असे असूनही चाळीस वर्षांत मी बिबटा डोळ्यांनी पाहिला तो एकदाच, गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडून जाताना. सह्याद्रीचे आपल्या बाजूचे रान इतके दाट आणि इतके उताराचे आहे, की प्राणी जवळ असतो, आपल्याला पाहतही असतो, पण आपल्याला तो दिसत नाही. माझ्या लेकीने एकदा विचारले, की आपल्याच जंगलातले प्राणी आपल्याला पाहायला कुठे मिळतील. त्या प्रश्नातून आमच्या श्रीलंकेच्या वाऱ्या सुरू झाल्या.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जीवशास्त्रज्ञ जैवविविधतेचे एकच क्षेत्र मानतात, कारण समुद्राची पातळी खाली होती त्या काळात हे बेट भारताच्या भूमीशी जोडलेले होते. बिबटा, हत्ती, अस्वल, सांबर, चितळ, मगर, धनेश हे सगळे तिथे आहेत. वाघ मात्र नाही, रानकुत्राही नाही. त्यामुळे तिथला बिबटाच जंगलाचा राजा आहे आणि तो आपल्याकडच्या बिबट्यासारखा दबून राहत नाही, दिवसाउजेडी वाटेवरून चालतो. बेट 65,610 चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या साधारण अठरापट आहे, आणि 2011 च्या गणनेत तिथे 5,879 हत्ती मोजले गेले होते. शिवाय त्याचा मोठा भाग कोरड्या प्रदेशात मोडतो. तिथे काटेरी झुडपे, मोकळी गवताळ मैदाने आणि जुने तलाव यांच्यामुळे नजर लांबवर पोहोचते.

आमची पहिली फेरी मात्र नीट झाली नाही. आमचा गणपती पाच दिवसांचा असतो, आणि विसर्जन झाल्यावर शाळेची सुट्टी संपण्याआधी निघायचे, एवढेच आम्ही ठरवले होते. एका प्रवासी कंपनीने सहा दिवसांचा कार्यक्रम आखून दिला, त्यात यालाचे राष्ट्रीय उद्यान ठळक अक्षरांत होते, आणि आम्ही पैसे भरले. सप्टेंबरच्या अखेरीस यालाजवळच्या तिस्समहाराम गावी पोहोचल्यावर पाहुणघराच्या मालकाने अतिशय ओशाळून सांगितले, की यालाचा पहिला विभाग बंद आहे आणि ऑक्टोबरच्या मध्याशिवाय उघडणार नाही. जवळजवळ दर वर्षी असे होते. कोरड्या ऋतूच्या शेवटी पाणवठे आटतात, जनावरे थकलेली असतात, म्हणून वन्यजीव खाते सुमारे सहा आठवडे पर्यटकांना आत सोडत नाही. निर्णय योग्यच आहे. आम्हाला कोणी सांगितले नाही, हे वाईट, आणि आम्ही कोणाला विचारले नाही, हे त्याहून वाईट. लेक त्या रात्री काही न बोलता झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गाडी उडवलवे या दुसऱ्या उद्यानाकडे वळवली आणि ती फेरी वाचली. पण तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: आधी पाण्याचा हिशोब मांडायचा, मग तिकिटे काढायची.

हा हिशोब गोव्याच्या माणसाला समजायला अवघड नाही. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे जो नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो, तोच श्रीलंकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, म्हणजे कोलंबो, गॉल आणि सिंहराजाच्या अरण्यात पडतो. मधले उंच डोंगर त्याला अडवतात आणि पलीकडचा सगळा प्रदेश त्या काळात कोरडा राहतो. चोर्ला घाट ओलांडून बेळगावच्या पुढे गेल्यावर पाऊस कसा विरळ होत जातो, हे आपण पाहिलेले असते, तसेच ते आहे. त्या कोरड्या प्रदेशाला पाऊस मिळतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्येकडून. त्या पावसाने तळी भरतात, रान हिरवे होते आणि प्राणी पांगतात, कारण पाणी सगळीकडे असते. फेब्रुवारीपासून पाणी ओसरू लागते, एकेक डबके आटते, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी येऊ लागतात. म्हणून कोणते उद्यान पाहायचे, याच्या आधी कोणत्या महिन्यात कोणते पाणी उरलेले असेल, हे पाहायचे असते.

आता हा हिशोब आपल्या सुट्ट्यांशी जुळवून पाहावा. नाताळात गोवेकर घरचे पाहुणे सोडून बाहेर पडलाच, तर त्याला श्रीलंकेत सर्वांत चढे दर आणि कोरड्या प्रदेशात ऐन पाऊस मिळतो, आणि तेव्हा हत्तींसाठी मिन्नेरियाच्या तळ्यावर जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोन पावसांच्या मधला काळ असतो, रोज दुपारनंतर गडगडाट होतो, तरी सकाळच्या फेऱ्या साधतात. शिगम्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, यालासाठी उत्तम हवा असते आणि सिंहराजाच्या ओल्या अरण्यातही त्या वेळी पाऊस कमी असतो, त्यामुळे ज्यांना मुलांच्या परीक्षांचे बंधन नाही, त्यांनी हाच काळ धरावा. मे महिन्याच्या सुट्टीत उकाडा होतो, पण अस्वल पाहण्याची सर्वांत चांगली संधी तेव्हाच सुरू होते. आणि चवथीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, मिन्नेरियाच्या तळ्यावर हत्ती जमतात.

मिन्नेरियाचे तळे महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधले. शेतीसाठी बांधलेल्या त्या तळ्यामुळे लोक त्या राजाला देव मानू लागले आणि आजही त्या भागात त्याची पूजा होते. त्या कोरड्या महिन्यांत तळ्याचे पाणी मागे सरकते, मोकळ्या झालेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि ते खायला आसपासच्या रानांतून शंभर, दोनशे, कधी त्याहूनही जास्त हत्ती संध्याकाळी उतरतात. जंगली आशियाई हत्ती एवढ्या संख्येने एकत्र पाहायला मिळावेत, अशी दुसरी जागा मला माहीत नाही. मात्र इथेही पाण्यालाच विचारावे लागते. मोरगहकंद धरणाचे पाणी या भागात येऊ लागल्यापासून कोरड्या महिन्यांतही कधी कधी तळे भरलेलेच राहते, मग गवत उघडे पडत नाही आणि हत्ती कौडुल्लाच्या तळ्याकडे किंवा हुरुलूच्या रानाकडे वळतात. ही तिन्ही ठिकाणे हबरणे गावाहून जवळ आहेत. म्हणून आधीच एका उद्यानाचे नाव पक्के न करता हबरणेला दोन रात्री मुक्काम करावा आणि त्या दिवशी हत्ती कुठे आहेत, हे जीपवाल्याला विचारून दुपारी निघावे. प्रामाणिक जीपवाला ते सांगतो, कारण रोज संध्याकाळी तो तिथेच असतो.

उडवलवेला मात्र ऋतूचा फारसा विचार करावा लागत नाही. वलवे नदीवरच्या जलाशयामुळे विस्थापित झालेल्या वन्यप्राण्यांना आसरा म्हणून 1972 मध्ये हे सुमारे 308 चौरस किलोमीटरचे उद्यान झाले, आणि तिथे वर्षभर हत्ती दिसतात. त्या पहिल्या फेरीत आम्ही फाटकावर पोहोचलो तेव्हा नुकतेच उजाडत होते. जलाशयात बुडून वाळलेली झाडे अजून उभी आहेत, त्यांच्या पांढऱ्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. चालकाने जीप एका वळणावर थांबवून इंजिन बंद केले. वीस हातांवर एक हत्तीण गवत खात होती. मला वाटे, हत्ती गवत नुसते उपटतो. तसे नव्हते. तिने पुढच्या पायाच्या नखांनी गवताच्या बुडाशी हलकेच लाथा मारून मुळे सैल केली, सोंडेने जुडी गोळा केली, आणि तोंडात घालण्याआधी ती जुडी आपल्या गुडघ्यावर तीन-चार वेळा आपटून माती झाडली. मग थोडे थांबून उरलेली माती फुंकल्यासारखे केले आणि खाल्ले. पुन्हा लाथ, पुन्हा जुडी, पुन्हा झटकणे. तिच्या पोटाखालचे पिल्लूही पाय आपटत होते, पण त्याला सोंड अजून वळवता येत नव्हती, त्यामुळे गवत त्याच्या कपाळावरच राहत होते. आम्ही तिथे अर्धा तास होतो. आदल्या रात्री न बोललेली माझी लेक त्या अर्ध्या तासात एकदाच बोलली, आणि तेही कुजबुजत: आई, ती भाजी धुते आहे.

श्रीलंकेतल्या बहुतेक नर हत्तींना सुळे नसतात. शंभरातल्या सात-आठ नरांनासुद्धा ते येत नाहीत. सिंहली भाषेत सुळे नसलेल्याला अलिया आणि सुळे असलेल्याला ऐता असे वेगळे शब्दच आहेत. आमच्या चालकाने हे समजावल्यावर सासूबाईंनी लगेच विचारले, की मग गणपतीला तुम्ही काय म्हणता. तो हसून म्हणाला, गणदेवियो, अम्मा. सासूबाईंचे माहेर दुर्भाटचे. तिथल्या खाजन शेतांत पौषातल्या अमावास्येला मातीची मगर थापून तिची पूजा करतात. उडवलवेच्या काठावर जबडा उघडून पडलेली मगर दिसली तेव्हा त्यांनी जीपमधूनच हात जोडले, आणि चालकाने त्यांचे जोडलेले हात खाली येईपर्यंत गाडी पुढे काढली नाही.

उद्यानाजवळच 1995 मध्ये सुरू झालेले अनाथ हत्तींच्या पिल्लांचे केंद्र आहे. तिथे ठरलेल्या वेळी पिल्लांना दूध पाजतात, आणि लोकांनी ते दुरून, कठड्यामागून पाहायचे असते. पिल्लाला हात लावता येत नाही, त्याच्यासोबत फोटो काढता येत नाही, आणि मोठी झाल्यावर ही पिल्ले पुन्हा रानात सोडली जातात. ज्या ठिकाणी हत्तीवर बसवतात किंवा त्याला अंघोळ घालू देतात, तिथे मुलांना नेण्यापेक्षा इथे न्यावे, असे मला मनापासून वाटते. आणखी एक विनंती. उद्यानाच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्यावर विजेच्या कुंपणाशी नर हत्ती उभे असतात आणि फळविक्रेते तुम्हाला केळी घ्या म्हणून बोलावतात. गाडी थांबवू नये. माणसाच्या हातचे खाणे लागलेला हत्ती शेवटी माणसाच्या दारात येतो, आणि त्या देशात अलीकडे वर्षाला सुमारे चारशे हत्ती आणि शंभर-दीडशे माणसे मरत आहेत. 2025 च्या सप्टेंबरात सिंधुदुर्गातून पेडणे तालुक्यात आलेल्या ओंकार हत्तीने आपल्या शेतकऱ्यांची भाताची आणि केळीची शेते कशी तुडवली, हे आपण जवळून पाहिले आहे. त्यामुळे हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुसरी फेरी आम्ही मे अखेरीस, विल्पत्तूसाठी केली. हे श्रीलंकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान, सुमारे 1,317 चौरस किलोमीटरचे. यादवी युद्धामुळे ते 1988 पासून पुढे कित्येक वर्षे बंद होते, मध्यंतरी उघडून पुन्हा बंद झाले आणि 2010 मध्ये कायमचे उघडले. कोलंबोजवळच्या कातुनायकेच्या विमानतळावरून यालापेक्षा ते जवळ आहे, तरीही बहुतेक कंपन्या पहिल्याने यालाचेच नाव सुचवतात. यालाचा पहिला विभाग जेमतेम 141 चौरस किलोमीटरचा, त्यात बिबट्यांची घनता जगातल्या सर्वाधिक घनतेच्या जागांपैकी एक, त्यामुळे गर्दीही तशीच. एक बिबटा दिसला, की तीस-चाळीस जीपा त्या वाटेवर अडकतात आणि मधल्यांना धुराशिवाय काही दिसत नाही. यालाचे उद्यान जरूर पाहावे, पण आठवड्यातल्या मधल्या दिवशी, आणि शक्यतो पूर्ण दिवसाची फेरी घेऊन. दुपारी अर्ध्या दिवसाच्या जीपा परततात आणि दोन-तीन तास रान मोकळे होते, त्याचा लाभ पूर्ण दिवसवाल्यांना मिळतो.

विल्पत्तूत पावसाच्या पाण्याने भरणारी नैसर्गिक तळी आहेत, त्यांना तिथे विल्लू म्हणतात. तळ्याभोवती गवताचे मोकळे कडे, त्याच्या मागे उंच झाडी. एकेका विल्लूवर थांबून वाट पाहायची, हीच इथली पद्धत आहे. बिबटा आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसला, झाडीतून निघून गवत ओलांडेपर्यंत, फार तर अर्धे मिनिट. अस्वल मात्र बराच वेळ होते. तिथे पालू नावाचा वृक्ष आहे, म्हणजे आपली खिरणी. चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधतात, हे आपल्या बागायतदारांना माहीत असते. मे ते जुलैच्या दरम्यान ही पिवळी, चिकट, गोड फळे पिकतात आणि एरवी अतिशय लाजाळू असलेली अस्वले त्यांच्यासाठी दिवसाही बाहेर पडतात. आमचे अस्वल झाडावर, जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर, फांदीच्या बेचक्यात बसले होते. एका हाताने डहाळी वाकवून ते ओठांनीच फळे ओढून घेत होते, आणि खाली दोन चितळे मान वर करून पडणाऱ्या फळांची वाट पाहत होती. उतरताना ते उलटे, मागचे पाय आधी टेकवत, सावकाश घसरत आले आणि आमच्याकडे न बघता झुडपात शिरले. झाडाच्या सालीवर त्याच्या नखांचे ओरखडे ओले दिसत होते.

आता थोडे कामाचे. उद्याने साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडी असतात, आणि फाटक उघडताना तिथे हजर राहायचे, तर मुक्काम फाटकाजवळच हवा. परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क डॉलरमध्ये ठरते. त्यावर प्रत्येक गटामागे सेवाशुल्क, वाहनाचे शुल्क आणि कर चढतो, आणि जीपचे भाडे वेगळे, त्यामुळे जीपवाल्याने सांगितलेल्या आकड्यात काय काय धरले आहे, हे आधीच लिहून घ्यावे. चार माणसे असतील, तर अनोळखी लोकांबरोबर जीप वाटून घेण्यापेक्षा स्वतंत्र घ्यावी, म्हणजे कुठे किती थांबायचे, हे आपल्या हाती राहते. पाठदुखी असलेल्या माणसाला पुढच्या बाजूच्या आसनावर बसवावे, कारण मागच्या आसनावर हादरे फार बसतात. गोव्याहून थेट विमान नाही, मुंबई, बंगळूर किंवा चेन्नईहून जावे लागते. प्रवेश परवान्याचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

हॉर्टन प्लेन्सला जीपची फेरी नसते, तिथे चालावे लागते. समुद्रसपाटीपासून 2,100 मीटरच्या वर, गवताळ पठारावरून नऊ-साडेनऊ किलोमीटरची वाट आहे, आणि ज्या कड्यासाठी लोक जातात, तो सकाळी नऊ-दहानंतर धुक्यात हरवतो. पहाटे तिथे खरी थंडी असते, आपल्या घरी असलेला एकुलता एक स्वेटर पुरत नाही. सिंहराजात जळवा असतात, हे सत्तरीकराला सांगायला नको.

सर्वांत उपयोगी साधन मात्र आपल्या भिंतीवरच टांगलेले आहे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, तिथल्या भाषेत पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या दिवशी व तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी उद्यानांत स्थानिक कुटुंबांची मोठी गर्दी होते. आपले पंचांग उघडून पौर्णिमा पाहिली, की ते दिवस कळतात. आषाढात तर कतरगामच्या कार्तिकेयाच्या यात्रेसाठी हजारो भाविक कुमन आणि यालाच्या रानातून पायी जातात. आपल्याकडे वारी पंढरपूरला पोहोचते, जवळपास त्याच दिवसांत तिथेही देवासाठी माणसे चालत असतात.

यंदा, 2026 मध्ये, चवथ 14 सप्टेंबरला आहे. आमचे विसर्जन 18 तारखेला होईल. पौर्णिमा 26 ला, आणि तो नेमका शनिवार आहे. म्हणून आम्ही 19 ला निघून 20 च्या दुपारपर्यंत हबरणेला पोहोचायचे, पुढे दोन दिवस विल्पत्तूत काढायचे आणि 25 ला परत फिरायचे, असे ठरवले आहे. यालाचे नाव या वेळी यादीत नाही. हबरणेच्या जीपवाल्याला मी कालच निरोप पाठवला, आणि त्यात एकच प्रश्न विचारला, की तळ्याचे पाणी कुठवर उतरले आहे.